शेकाचे अकरा नियम

दवाखान्यानं दिलेले नियम पाच होते. अकरा मी केले. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढं तुम्ही मला भलतंच चांगलं समजणार नाही.

मी शंकरप्पा, दिंद्रुडचा. पेठेत किराणा दुकान आहे. चौऱ्याण्णव साली माझ्या डाव्या गालात कॅन्सर निघाला. निघणारच होता. वीस वर्षं त्याच गालात तंबाखू धरून मी गिऱ्हाइकाशी उजव्या बाजूनं बोलायचो. आपल्या जिल्ह्यात तेव्हा ती मशीन नव्हती, म्हणून बाहेरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन तेहतीस दिवस शेक घेतला. शेक म्हणजे मशीनखाली निजवून आजारी जागेवर किरणं सोडतात ते. आमच्याकडं कुणी त्याला लाईट म्हणतं, कुणी करंट म्हणतं. मी वाचलो. डाव्या गालावर दाढी उगवायची बंद झाली, तोंडातली लाळ आटली आणि अंगात शहाणपण शिरलं. पहिल्या दोन गोष्टींचा दुसऱ्या कुणाला त्रास झाला नाही.

तालुक्यात कुणाला शेक सांगितला की माणसं माझ्याकडं यायला लागली. दुकानासमोरच्या बाकावर त्यांना बसवायचं, मिनरल वॉटरच्या बाटलीतनं एक घोट घ्यायचा आणि सुरू व्हायचं. बाटली दोन वर्षांपूर्वीची, पाणी आमच्या हापशाचं. करंट बसतो का? न्हाई. अंग भाजतं का? कातडी काळी पडते, थोडी सोलते, मग सुधारते. घरात लेकरांना लागण होते का? न्हाई, किरणं मशीनमधीच राहत्यात, माणसाच्या अंगात घर करत न्हाईत. खोलीत एकट्याला ठेवून दार लावत्यात, पण भ्यायचं न्हाई, बाहेरून बघत असत्यात. दोन-तीन मिन्टांत ऊठ म्हणत्यात. इथपर्यंतचं सगळं खरं होतं आणि त्यानं माणसांचा जीव खरंच भांड्यात पडायचा.

हे सांगताना माझ्या डोक्यावर गुटख्याच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबत असायच्या. तो माल तेव्हा नवा नवा आलेला, लई खपायचा. मी खात नव्हतो, नुसता विकत होतो. तोंडाच्या कॅन्सरवर बोलता बोलता वर हात करून पुडी तोडायची आणि गिऱ्हाइकाला द्यायची. यातला येडेपणा माझ्या बायकोला, रुद्राणीला, पहिल्या दिवसापासून दिसत होता. मला दिसायला दोन वर्षं लागली. ती मला अर्धा डॉक्टर आणि पाव दुकानदार म्हणायची. उरलेला पाव कुठं गेला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "त्याचं नुसतं तोंड हाय."

मग एक दिवस दवाखान्यातल्या डॉक्टरबाई चाळीस माणसांसमोर म्हणाल्या, "शंकरप्पा चांगलं समजावतात, तुमच्या भाषेत सांगतात." झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि तिथंच राहायला गेलो. पांढरा नेहरू शर्ट शिवून घेतला. दर सोमवारी दोन-तीन पेशंट घेऊन एसटीनं जायचं, आणि कंडक्टरला सुद्धा शेक समजावून सांगायचा.

दवाखान्याचा छापील कागद होता. शेकासाठी अंगावर जांभळ्या शाईनं खुणा काढतात, त्या पुसू नका. त्या जागी साबण, तेल, हळद, राख लावू नका. तिथं चोळू नका. सैल सुती कापड घाला. नीट जेवा आणि एकही दिवस चुकवू नका. एवढंच. पण एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटांत माणूस उठून गेला तर माझा रुबाब काय राहिला? मग मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लाल पेनानं माझे नियम लिहिले. वांगं बंद. फोडणीच्या धुरात बसणं बंद. टीव्ही बंद, कारण त्याच्यातून बी किरणं निघत्यात. सात नंबरला लिहिलं, अंघोळ पूर्ण बंद. आठ नंबरला, अंगाला हळद, कुंकू, विभूती कुठंच लावायची नाही. कुणी मागितलं तर त्याची नक्कल पण करून द्यायचो.

सात नंबरचं मूळ सांगतो. माझ्या शेकाच्या चौथ्या दिवशी मी गाल खसखसून धुतला आणि खूण गेली. मशीनवरच्या बाईनं मला असं झापलं की पेशंटांच्या रांगेत माझी शोभा झाली. तो राग मी नियमात काढला. खुणेवर चोळू नका याचं मी अंघोळच करू नका असं केलं. मी स्वतः तेहतीसच्या तेहतीस दिवस गळ्याखाली दोन बादल्या ओतून घेतल्या होत्या, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

आता दानाक्काचं सांगतो. दानम्मा, माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. धारूरला दिली होती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर खणाचं आणि अस्तराचं दुकान एकटीनं चालवायची. बोलायला कमी. गिऱ्हाइकानं कितीही कटकट केली तरी कापड उलगडायची, घडी घालायची, पुन्हा उलगडायची. तिच्या दुकानात बसून मी दोन तास बोललो तर ती दोन वाक्यं बोलायची, आणि त्यातलं एक चहाचं असायचं.

आम्ही लिंगायत. आमच्यात इष्टलिंग जन्मापासून अंगावर असतं, चांदीच्या डबीत, गळ्यात. अक्काचा दिवस ठरलेला. पहाटे डोक्यावरून अंघोळ, कपाळाला विभूती, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, आणि मग ताट. अंघोळ नाही तर पूजा नाही. पूजा नाही तर अन्नाला शिवायचं नाही. हे मला काय माहीत नव्हतं? एका घरात वाढलो आम्ही. पण माझं लिंग देवघरातल्या खुंटीला. लग्नकार्यात आणि फोटो काढताना तेवढं गळ्यात. जे आपण पाळत नाही ते दुसरं कुणी पाळत असेल हे ध्यानात राहत नाही, निदान माझ्या तरी राहिलं नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात अक्काच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. वर पंचवीस शेक सांगितले. ती दिंद्रुडला आली आणि मी तिला, माझ्या बहिणीला, त्याच बाकावर बसवून अकराच्या अकरा नियम वाचून दाखवले. आवाज जरा जास्तच चढवला होता, कारण पेठेतली दोन माणसं ऐकत थांबली होती.

"लिंगाचं काय?" तिनं विचारलं.

"उतरवायचं. चांदी हाय, धातू चालत न्हाई."

"ते अंगावरून उतरत न्हाई, शंकर."

मी म्हणलं, दवाखान्यात बघू. मग ती म्हणाली, "अंघोळ, एक तांब्या बी न्हाई?"

"थेंब बी न्हाई. पाणी गेलं की खूण गेली, खूण गेली की माणूस गेलं."

हे वाक्य मला त्याच क्षणी सुचलं होतं आणि मला ते लई आवडलं. दोन माणसांतल्या एकानं मानही हलवली.

दवाखान्यात मशीनवरच्या बाईनं लिंगाचा प्रश्न एका मिनिटात सोडवला. उजव्या दंडाला बांधा म्हणाली, शेकाच्या जागेपासून लांब आहे, काही होत नाही. माझा नियम परस्पर ढिला केला म्हणून मला तिचा थोडा रागच आला.

समोरच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो. बायकांची खोली वेगळी. अक्काच्या शेजारी चौसाळ्याची छबुबाई होती, पोटाच्या खालच्या भागाला शेक घेत होती. ती पण माझीच पेशंट, म्हणजे माझ्या नियमांची. खाणावळीतून मी रोज दोन वेळा अक्काचा डबा आणून द्यायचो. डबा रिकामा परत यायचा. त्या खोलीत जरा वास मारायचा, म्हणून मी धर्मशाळेच्या म्हाताऱ्या व्यवस्थापकाशी गटारीवरून दोनदा भांडलो.

पहिल्या सोमवारी वजन झालं. अक्काचं दोन किलो उतरलं होतं. मी तिला धीर दिला. म्हणलं, माझं तर अकरा किलो उतरलं होतं, हे चालायचंच. छबुबाईचं दीड किलो वाढलं होतं. त्याचं श्रेय मी रांगेतल्या सगळ्यांसमोर माझ्या नियमांना दिलं.

दुसऱ्या सोमवारी अक्काचं वजन एकूण पाच किलो उतरलेलं. रक्तही कमी झालेलं. दहा शेक झाले होते, पंधरा राहिले होते. डॉक्टरबाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मला थांबवलं.

"छातीच्या शेकानं असं वजन उतरत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं उतरलं, कारण तुम्हाला गिळता येत नव्हतं. यांना गिळायला काय अडचण आहे? जेवतात ना?"

"डबा पुसून खाते," मी म्हणलं.

"मग आजार आत कुठंतरी पसरलाय की काय ते बघावं लागेल. सोनोग्राफी करू. तोवर शेक थांबवते. पसरला असेल तर पुढचे शेक देऊन त्यांना उगीच त्रास होईल."

मी बाहेर आलो. समोर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. दिंद्रुडला शेजाऱ्यांच्या दुकानात फोन लावला, रुद्राणीला बोलावून घेतलं, आणि ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. मला बोलता येईना. माझं तोंड बंद झालं म्हटल्यावर तिला कळलं की काहीतरी वाईट आहे. ती तिकडं रडायला लागली, मी इकडं.

संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बसलो होतो. छबुबाई आली. "अप्पा, शेक कावून बंद केला हो अक्काचा?"

"पसरलाय म्हणतात."

ती जरा वेळ पदर चावत उभी राहिली. मग म्हणाली, "मी शब्द दिलाय तिला, पर आता सांगते. पसरला-बिसरला काय न्हाई. ती जेवतच न्हाई. आलीया तवापासून चहावर आन एखाद्या केळ्यावर हाय. तिचा डबा मला देती. मी न्हाई म्हणलं तर गळ्याची शपत घालती."

"जेवत न्हाई? कावून?"

छबुबाईनं माझ्याकडं असं बघितलं की ते मी अजून विसरलो नाही. "तुमीच अंघोळ बंद केली न्हवं आमची," ती म्हणाली.

मी बायकांच्या खोलीच्या दारात गेलो आणि अक्काला बाहेर बोलावलं. ती भिंतीला धरून आली. आता बघितलं तर तिच्या बांगड्या कोपराकडं सरकत होत्या. चौदा दिवस मी रोज दोनदा तिच्यासमोर उभा राहत होतो, पण बोलण्याच्या नादात बघितलंच नव्हतं.

"जेवत न्हाईस तू?"

"अंघोळ न्हाई, पूजा न्हाई. ताटाला हात कसा लावू?"

"नुसती विभूती लावून पूजा करायची. बाबा आजारी असताना तसंच करायचे की. राख लावली की अंघोळ झाली म्हणायचे."

"ती आठ नंबरला बंद केलीस तू."

सातव्यात एक दार लावलं होतं आणि आठव्यात दुसरं. आत माझी बहीण उपाशी बसली होती.

"अगं, मग मला विचारायचं तरी."

"विचारलं होतं. एक तांब्या बी न्हाई का, म्हणून. थेंब बी न्हाई म्हणलास."

"लिंग काढ म्हणलं ते ऐकलं न्हाईस ना? मग हे कशाला ऐकलंस?"

"ते जमणारं नव्हतं, शंकर. म्हणून बाकीचं समदं पाळलं. तू हेच करून वाचलास ना? मला वाटलं, उपाशी राहायला लागतंय, लागू दे. तू वाचलास तशी मी बी वाचंन."

मी तिला दोन बादल्यांचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंसमोर आम्ही दोघं. वाटेतच अक्का म्हणाली होती, मी बोलते. मला ते बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली, "बाई, मी जेवत नव्हते. अंघोळीवाचून आमच्यात जेवत न्हाईत."

"अंघोळ करू नका असं कोण म्हणालं तुम्हाला?"

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"कुणी न्हाई," अक्का म्हणाली. "माझ्याच मनानं."

डॉक्टरबाई चिडल्या. चिडणारच. "दोन आठवडे? इथं रोज सांगतात, जेवा म्हणून. आणि शंकरप्पा, तुम्ही जगाला समजावता आणि तुमच्या सख्ख्या बहिणीला नाही समजावता आलं? मशीन एक आहे, बाहेर माणसं वाट बघत बसलीत. स्वतःच्या मनानं उपाशी राहणारा पेशंट मी यादीत कसा ठेवू? उद्या पुन्हा काही मनात आलं तर? घरी न्या. वजन भरलं की आणा, मग बघू."

"मग बघू" म्हणजे काय, ते मला पक्कं माहीत होतं. नंबर शेवटी. दोन महिने, तीन महिने. मध्ये एवढा खंड पडला तर घेतलेले दहा शेक पाण्यात जातात, हे मीच बाकावर बसून लोकांना सांगायचो, आणि हा नियम खरा होता. अक्का खाली मान घालून उभी होती. मी एक शब्द बोललो की तिचं नाव यादीत राहणार होतं. आणि मी, ज्याला एसटीत कंडक्टरसमोर गप्प बसवत नाही, तो गप्प उभा राहिलो. एक बाई आत आली, टेबलावर कागद ठेवला, त्यावर सही झाली, ती कागद घेऊन गेली, एवढा वेळ गप्प. चाळीस माणसांसमोर झालेलं कौतुक मला डोळ्यासमोर दिसत होतं. याची मला आजही लाज वाटते, बाकी कशाहीपेक्षा जास्त.

मग खिशातून कॅलेंडरचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "बाई, मी सांगितलं. सात नंबर बघा. आठ बी बघा."

त्यांनी अकराच्या अकरा वाचले. "टीव्ही?" त्या म्हणाल्या.

"ते बी मीच."

"हे किती लोकांना दिलंय?"

"चौदा-पंधरा असतील."

त्या हसल्या नाहीत. समाजसेवेच्या सायलीताईंना बोलावून त्यांनी माझ्याकडून एकेकाचं नाव लिहून घेतलं. त्यातली चार माणसं त्या वेळी दवाखान्यातच होती. छबुबाई तीन आठवडे अंघोळीवाचून होती. म्हाताऱ्या व्यवस्थापकाची गटार साफच होती.

मग डॉक्टरबाई अक्काकडं वळून म्हणाल्या, "रोज अंघोळ करायची. कोमट पाणी. खुणांवरून नुसतं ओघळू द्यायचं, चोळायचं नाही, साबण नाही. विभूती कपाळाला लावा, हाताला लावा, फक्त शेकाच्या जागी नको. आणि पोटभर जेवायचं. चार दिवसांनी सुरू करू. तुमचा नंबर तुमचाच राहील." मला म्हणाल्या, "तुम्ही माणसं आणत जा, शंकरप्पा. सांगायचं काम आम्ही करू." असा मी नोकरीवर लागण्याआधीच निवृत्त झालो.

सोनोग्राफीत काही निघालं नाही. चार दिवसांनी शेक सुरू झाला आणि उरलेले पंधराही एक दिवस न चुकता झाले. कागदावरच्या पंधरा घरी मी स्वतः गेलो, आणि प्रत्येक दारात माझं कौतुक व्हायच्या आत घाईघाईनं चूक सांगून टाकली. पण ते नंतरचं. त्या दिवशी डॉक्टरबाईंच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. अक्काला चालवत नव्हतं म्हणून आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो.

"अक्का," मी विचारलं, "तू खोटं कशाला बोललीस?"

ती म्हणाली, "चार माणसांत तुला आत्ता कुठं मान मिळायला लागलाय. बापानं कधी दिला न्हाई. रुद्राणी बी देत न्हाई. म्हणलं, माझ्यापायी कशाला जावा."

मला रडू फुटलं. आल्यागेलेली माणसं बघायला लागली. दवाखान्यात रडणारा माणूस दिसला की लोक काहीतरी वाईट समजतात, तशी एक म्हातारी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि पेशंट कोण म्हणून विचारायला लागली. मी अक्काकडं बोट दाखवलं. म्हातारी आणखीच हळहळली.

अक्कानं माझा हात धरून स्वतःला उठवलं.

"रडत बसू नकोस, शंकर," ती म्हणाली. "चल, पाणी तापव माझं. लई भूक लागलीय."